गेमपॅड, पेटंट आणि चतुःसीमा : अनगोळच्या तिघांना उत्तर

बेळगावातल्या अनगोळच्या तीन मित्रांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. एक जण उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर आहे, दुसऱ्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, तिसऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिघांनी मिळून मोबाइलला आणि कॉम्प्युटरला चालणारा गेमपॅड, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचा कंट्रोलर, बनवलाय. पाठीमागे मधल्या बोटांसाठी दोन पट्ट्या, आत थरथरणाऱ्या दोन मोटरी आणि चुंबकावर चालणारी स्टिक. बेळगाव, कोल्हापूर आणि हुबळीच्या गेमिंग कॅफेंना मिळून ४० नग गेले. आता ऑनलाइन विकायचंय, आणि अमेरिकेतला आतेभाऊ १०० नग मागतोय. एवढ्यात काकांनी घाबरवलं : "त्या निन्टेंडो-सोनीवाल्यांना पेटंटच्या केसमध्ये कोट्यवधी डॉलर भरायला लावले. तुम्हाला नोटीस आली तर घर विकावं लागेल." मग धंदा इथेच बंद करावा का?

बंद करू नका. पण अमेरिकेचे १०० नग मात्र हे वाचून होताच थांबवा. मी नऊ वर्षं उद्यमबागेत डाय-मोल्डच्या शॉपमध्ये ड्रॉइंग काढली आणि त्यानंतर २० वर्षं पेटंट एजंटचं काम करतोय. 'बंद करू नका' आणि 'थांबवा' या दोन्ही गोष्टी का सांगतोय, ते नीट समजावून घ्या.

सुरुवात एका शब्दापासून. मराठीत 'दावा' म्हणजे कोर्टातली केस, आणि पेटंटच्या शेवटी क्रमांक घालून जे छापलेलं असतं त्यालाही भाषांतरात 'दावे'च म्हणतात. या एका शब्दाने फार घोळ होतो, म्हणून मी त्याला सरळ क्लेम म्हणतो. पेटंटचं नाव, चित्रं आणि सारांश बघून लोक घाबरतात, पण हक्क ठरतो तो क्लेमवरून. घराच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते की : पूर्वेस अमक्याची जागा, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस नाला. क्लेम ही पेटंटची चतुःसीमा. त्यातली एकेक अट म्हणजे एकेक बांध. तुमची वस्तू सगळ्या बांधांच्या आत पडली तरच अतिक्रमण. त्यातली एक अट जरी तुमच्या वस्तूत नसली, आणि तिच्या तोडीचंही काही नसलं, तर तुम्ही बाहेर.

तुमच्या पाठीमागच्या पट्ट्यांनाच हे लावून बघू, कारण तुमच्या पॅडमधली सगळ्यात नाजूक जागा तीच आहे. स्कफ नावाचे कंट्रोलर ज्यांचे, त्या आयर्नबर्ग कंपनीला २०१४ मध्ये अमेरिकेत अशा पट्ट्यांचं पेटंट मिळालं. क्रमांक ८६४१५२५. त्यातले कळीचे शब्द मराठीत असे येतील : पाठीवर दोन नियंत्रणं, प्रत्येकात एक लांबट भाग, तो वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जवळजवळ पूर्ण अंतर जाणारा, आणि अंगचाच लवचिक, म्हणजे दाबल्यावर वाकून आपोआप जागेवर येणारा. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम कंट्रोलर २०१५ मध्ये बाजारात आला. त्याच्या आदल्याच वर्षी आयर्नबर्गने त्यांना या पेटंटबद्दल सावध केलं होतं. तरी रचना तशीच राहिली आणि सुमारे १६ लाख नग विकले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या खटल्यात ज्युरीने, म्हणजे निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, ४० लाख डॉलर भरायला लावले, आणि उल्लंघन जाणूनबुजून केलं असंही ठरवलं. २०२३ मध्ये अपील कोर्टाने उल्लंघनाचा निकाल कायम ठेवला. पेटंटच्या वैधतेचा काही भाग मात्र खालच्या कोर्टाकडे परत पाठवला.

आता तुमचा पॅड हातात घ्या आणि कॅलिपर लावा. तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगप्रमाणे पॅडची उंची ५८ मिमी आणि पट्टी ३४ मिमी. म्हणजे 'जवळजवळ पूर्ण अंतर' हा बांध तुम्ही ओलांडत नाही, असं म्हणायला बरीच जागा आहे. सध्याची पट्टी कडक एबीएस प्लॅस्टिकची, स्टीलच्या पिनवर फिरणारी, खाली वेगळी स्प्रिंग. ती स्वतः वाकत नाही, म्हणून 'अंगचाच लवचिक' हाही बांध बाहेरच राहतो. पण तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की पहिल्या १० नगांत पॉलिकार्बोनेटची पट्टी एका टोकाला स्क्रूने धरली होती आणि तीच वाकायची. ती रचना परत काढू नका, अमेरिकेसाठी तर नाहीच. एका पिनचा आणि एका स्प्रिंगचा फरक तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण आमच्या कामात तिथंच दिवस जातात. पट्टीचं मोजमाप, साहित्य आणि तो बदल कधी केला त्याची तारीख आजच एका वहीत लिहून ठेवा.

मोटरींचं प्रकरण जुनं आहे आणि काकांनी ऐकलेली रक्कम बहुधा तिथलीच असावी. इमर्शन नावाच्या कंपनीने फेब्रुवारी २००२ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांवर एकदमच कॅलिफोर्नियात केस घातली : तुमचे कंट्रोलर हातात थरथरतात ते आमच्या पेटंटमधून. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी २.६ कोटी डॉलरमध्ये मिटवलं, त्यातले ६० लाख इमर्शनच्या शेअरमध्ये गुंतवले. सोनी लढली. २००४ मध्ये ज्युरीने ८.२ कोटी डॉलर ठोठावले, २००५ मध्ये न्यायाधीशांनी ती रक्कम ९ कोटींवर नेली आणि विक्रीला मनाईही केली. अपील होईपर्यंत ती मनाई स्थगित राहिली म्हणून दुकानं चालू राहिली. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आला तेव्हा त्याच्या सिक्सॅक्सिस कंट्रोलरमध्ये थरथर नव्हतीच. सोनीने कारण दिलं की मोटरीमुळे हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला अडथळा येतो. मार्च २००७ मध्ये प्रकरण मिटलं आणि त्याच वर्षाअखेर ड्युअलशॉक ३ मध्ये मोटरी परत आल्या. व्यवहारातला निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा. मी एवढंच दाखवतोय की पाच वर्षांच्या भांडणाचा परिणाम थेट मुलांच्या हातातल्या वस्तूवर होतो.

तुमच्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट तारखेची. त्या पेटंटांचा मूळ अर्ज नोव्हेंबर १९९५ चा. पेटंटचं आयुष्य अर्जापासून २० वर्षं, त्यामुळे साध्या, असंतुलित वजन फिरवून थरथर देणाऱ्या मोटरींची ती जमीन आता सगळ्यांची झाली. मात्र थरथरीच्या नव्या, बारीक प्रकारांवर इमर्शनची नंतरची पेटंटं आहेतच. २०२३ मध्ये त्यांनी स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या संचावरून व्हॉल्व्हवर केस घातली. म्हणून तुमच्या मोटरी साध्या ठेवा आणि 'खऱ्यासारखा स्पर्श' देणारं सॉफ्टवेअर घालायचं ठरलं तर आधी शोध करा. स्टिकबद्दल तर निश्चिंत राहायला बराच आधार आहे : सेगाच्या ड्रीमकास्टचा पॅड १९९८ मध्येच चुंबक आणि चुंबकाची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरवर चालत होता, त्यामुळे ती मूळ कल्पना आज कुणालाच स्वतःची म्हणता येणार नाही. चुंबक बसवायची एखादी खास नवी रचना मात्र कुणाची असू शकते.

काकांचं एका बाबतीत खरं आहे. पेटंटचे जे गाजलेले खटले आहेत त्यात गेमचे संच बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा आरोपीच्या जागी आहेत. या धंद्याची सुरुवातच तशी झाली. राल्फ बेअर यांच्या कामातून १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्सचा ओडिसी आला, घरी टीव्हीवर खेळायचा पहिला संच. मग मॅग्नाव्हॉक्सने अटारीपासून पुढे एकेकाला कोर्टात ओढलं. अटारीने १९७६ मध्ये परवाना घेऊन मिटवलं. १९७७ मध्ये शिकागोच्या न्यायाधीशांनी त्या पेटंटला या कलेतलं अग्रणी पेटंट म्हटलं. निन्टेंडोने पुढे ते पाडायला, म्हणजे ही कल्पना आधीचीच होती हे दाखवायला, १९५८ सालचा पुरावा आणला, प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर खेळलेला टेनिस. तरी ते पेटंट टिकलं. आधीची माहिती शोधणं हे मोठं हत्यार आहे, पण शोधलेली गोष्ट क्लेमच्या शब्दांशी जुळावी लागते.

ज्युरीचे आकडे पेपरात येतात, अपिलाचा निकाल आतल्या पानात जातो. अल्पेक्स कंपनीने १९८६ मध्ये निन्टेंडोवर केस घातली. क्लेम होता पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीत जागा ठेवण्याच्या पद्धतीचा. १९९४ मध्ये ज्युरीचा निकाल विरुद्ध गेला आणि व्याज धरून २५ कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली. १९९६ मध्ये अपिलात ती शून्य झाली, कारण निन्टेंडोचा संच चित्र वेगळ्या पद्धतीने उभं करत होता. पुन्हा तेच, शब्द. अ‍ॅनास्केपने २००८ मध्ये टेक्सासमध्ये निन्टेंडोविरुद्ध २.१ कोटी डॉलर जिंकले. २०१० मध्ये ते गेले, कारण १९९६ च्या जुन्या अर्जात जे लिहिलंच नव्हतं ते त्यांनी २००० च्या अर्जात रुंद करून घेतलं होतं, आणि मधल्या काळात सोनीचा ड्युअलशॉक बाजारात येऊन गेला होता. सोनीत पूर्वी काम केलेले सेइजिरो तोमिता यांनी चष्म्याविना थ्री-डी दिसणाऱ्या निन्टेंडो ३डीएसवर २०१३ मध्ये ३ कोटी डॉलर मिळवले. न्यायाधीशांनी ती रक्कम निम्मी केली, अपिलात क्लेमचा अर्थ नव्याने लागला आणि २०१६ मध्ये निन्टेंडो सुटली. आयलाइफचं पेटंट मूळ वृद्ध माणूस पडल्याचं ओळखण्याबद्दलचं. त्यावर निन्टेंडोच्या 'वी' या संचाच्या रिमोटवरून २०१७ मध्ये १ कोटी डॉलर मिळाले, आणि २०२० मध्ये ते क्लेमच अमूर्त कल्पना म्हणून बाद झाले. सगळंच पडतं असं नाही. फिलिप्सने २०१४ मध्ये लंडनच्या कोर्टात निन्टेंडोविरुद्ध जिंकून वर्षाअखेर समझोता केला.

हे वाचून 'शेवटी जिंकता येतं' असा दिलासा घेऊ नका. दहा वर्षं वकील पोसण्याची ताकद निन्टेंडोकडे होती. अमेरिकेत पेटंटची केस ज्युरीपर्यंत न्यायची तर खर्च दशलक्ष डॉलरांत जातो. तिथं 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटता येत नाही, आणि जाणूनबुजून केलं असं ठरलं तर भरपाई तिप्पटीपर्यंत नेता येते. शिवाय तिथं माल आणणारा आणि विकणाराही उल्लंघनाचा धनी असतो. म्हणजे नोटीस अनगोळला येण्याआधी तुमच्या आतेभावाच्या दारात जाईल. १०० नग थांबवा म्हणालो ते त्याच्यासाठी. तिकडच्या पेटंटांचा नीट शोध करून, पट्टीची रचना कागदावर पक्की करून मग पाठवा.

आता आपल्या हद्दीत येऊ. अमेरिकेचं पेटंट उद्यमबागेत चालत नाही. भारतात ते स्वतंत्र घ्यावं लागतं, आणि बाहेरच्यांना त्यासाठी मुदत आहे : थेट यायचं तर पहिल्या अर्जापासून १२ महिने, आंतरराष्ट्रीय मार्गाने ३१ महिने. ती मुदत गेली की त्या शोधासाठी भारताचं दार कायमचं बंद. किती उद्योजकांनी परदेशी पेटंटचा नंबर बघून चांगला माल बंद केलाय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पेटंट कार्यालयाच्या इनपास या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. कंपनीच्या नावाने शोधा, मग शब्दांनी शोधा. एक लक्षात ठेवा, अर्ज साधारण १८ महिन्यांनी उघड होतो, त्यामुळे अगदी ताजे अर्ज दिसणार नाहीत. सहा महिन्यांनी परत शोध घ्या.

भारताचं पेटंट मात्र कर्नाटकातलं मच्छे, महाराष्ट्रातली शिनोळी, दोन्हीकडे सारखंच चालतं. फरक पडतो तो कार्यालयाचा. तुमचा पत्ता अनगोळचा, म्हणून तुमचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयाचा. शिनोळीत शेड घेतली असती तर मुंबईचा. केस जिल्हा कोर्टाच्या खाली चालत नाही, आणि उत्तरात तुम्ही 'हे पेटंटच रद्द करा' असं म्हणालात तर ती उच्च न्यायालयाकडे जाते, आपल्या जिल्ह्यासाठी धारवाडच्या खंडपीठाकडे. ऑनलाइन विकायला लागलात की दिल्लीत माल पोचतो, आणि मग दिल्लीत केस घालायला वाट मिळते. ऑनलाइनची ही किंमत हिशोबात धरा.

नोटिशीबद्दल एक घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीवाल्यांना पंपाच्या एका भागावरून दिल्लीच्या वकिलांचं पत्र आलं. सात दिवसांत उत्पादन बंद करा, साचे नष्ट करा, हमीपत्र द्या. माणूस साठीचा, आयुष्यात कोर्ट पाहिलेलं नाही. त्यांनी हमीपत्रावर सही केली आणि अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचा नमुना, घणाने फोडून त्याचे फोटो पाठवले. चौथ्या दिवशी कागद घेऊन माझ्याकडे आले, ते फक्त 'आता आणखी काही करायचं राहिलं का' विचारायला. मी पेटंटचं रजिस्टर उघडलं. पेटंट मालकाने वार्षिक फी भरलीच नव्हती आणि पेटंट दोन वर्षांपूर्वीच संपलेलं होतं. दहा मिनिटांचं काम. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पॅटर्न वडिलांच्या हातचा होता."

म्हणून नोटीस आली तर फोनवर बोलू नका, माफी मागू नका, कशावर सही करू नका. लिफाफा जपून ठेवा, पोचल्याची तारीख त्यावर घाला. पत्रात पेटंटचा नंबर आहे का बघा. नंबर असेल तर ते भारताचं आहे का, चालू आहे का, आणि कुठल्या क्लेमवर बोट ठेवलंय ते बघा. मग एकेक बांध तुमच्या पॅडशी ताडून बघा आणि दिलेल्या मुदतीत एजंट किंवा वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. पेटंट कायद्याच्या १०६ व्या कलमाखाली बिनबुडाची धमकी देणाऱ्यावर तुम्हालाच कोर्टात जाता येतं. नुसतं 'आमचं असं पेटंट आहे' असं कळवणं धमकीत धरत नाहीत. १११ व्या कलमाप्रमाणे, पेटंट आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत असायला वाजवी कारणही नव्हतं असं तुम्ही सिद्ध केलंत तर नुकसानभरपाई लागत नाही, विक्रीला मनाई मात्र होऊ शकते. पत्र मिळाल्या दिवसापासून हे संरक्षण पुढच्या विक्रीला राहत नाही. व्हॉल्व्हला २०१४ चं ते पत्र नडलं, ते याच जातीचं.

ऑनलाइन जाहिरातीत 'प्लेस्टेशनसारखा', 'एक्सबॉक्स मॉडेल' असं लिहू नका आणि त्यांची चिन्हं बटणांवर छापू नका. तो ट्रेडमार्कचा वेगळा कायदा आहे आणि त्यात माल फार लवकर अडकतो.

शेवटी तुम्ही न विचारलेली गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुमच्या ड्रॉइंगच्या तिसऱ्या पानावर पितळेचा एक फिरता स्टॉप आहे. तो अर्धा फेरा फिरवला की पट्टीची चाल ३ मिमीवरून १ मिमीवर येते, पॅड न उघडता. विकलेल्या ४० नगांत तो नाही असं तुम्ही लिहिलंय. जे विकलं त्याचं नावीन्य गेलं, त्यावर आता पेटंट मागता येणार नाही, पण हा स्टॉप अजून तुमच्याच कपाटात आहे. मला तो पाहून मनापासून आनंद झाला. चतुःसीमा दुसऱ्यांनीच आखायची असं कुठं आहे? प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाची ऑनलाइन सरकारी फी तुमच्यासारख्या व्यक्तींना १,६०० रुपये आहे, त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. अ‍ॅनास्केपची चूक करू नका. पहिल्याच कागदात स्टॉपचे सगळे पर्याय लिहा : पितळ, नायलॉन, दोन पायऱ्यांचा, चार पायऱ्यांचा, स्क्रूचा, कॅमचा. नंतर आठवलेलं जुन्या तारखेत घालता येत नाही. तिघांपैकी कल्पना कुणाची होती ते आत्ताच, मैत्री चांगली असतानाच, लिहून सह्या करा.

आणि दुकानवाल्या मित्राने पुढच्या रविवारी त्या स्टॉपचा रील टाकायचं ठरवलंय म्हणे. अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत तो टाकू नका, कॅफेवाल्यांच्या ग्रुपवरही नको. सोमवारी ड्रॉइंग घेऊन या, तोवर तिसऱ्या पानाचा फोटोसुद्धा कुणाला पाठवू नका.